पंप कंट्रोलरच्या बॉक्ससाठी डिझायनर लावावा का?

वसईचा_गाळा:
मंडळी, सोसायट्यांच्या टाक्यांसाठी वॉटर लेव्हल कंट्रोलर बनवतो, महिन्याला 300 नग. बॉक्स पावडर कोटिंगचा, पत्र्याचा. पंपरूमच्या ओलीत केबलच्या भोकांच्या कडा एका पावसाळ्यात गंजतात. एबीएस प्लास्टिकमध्ये जायचंय. डायवाला, म्हणजे प्लास्टिकचा साचा बनवणारा, म्हणतो, डिझाइन फुकट करून देतो. डिझायनर वेगळी फी मागतोय. ती नेमकी कशाची?

रिब_आणि_बॉस:
फुकट डिझाइन म्हणजे डायला सोपं पडणारं डिझाइन. वायरमन स्टुलावर उभा, एका हातात टॉर्च, झाकणाचा स्क्रू पडला की गेला गटारात. झाकणातून न सुटणारे स्क्रू, केबल घट्ट धरणारे ग्लँड खालच्या बाजूला, 2.5 स्क्वेअर एमएमची वायर वळायला जागा: हा विचार डायवाला करत नाही, फी त्याची आहे.

डिझायनरला नुसतं ड्रॉइंग देऊ नका. रिले, ट्रान्सफॉर्मर लावलेली खरी पीसीबी (सर्किटचा बोर्ड) द्या. बहुतेक वेळा उंची तिथेच चुकते आणि झाकण बसत नाही.

भिंत 2.5 मिमी असेल तर रिब (आतली आधाराची पट्टी) 1.25 ते 1.5. त्याहून जाड केली की तिथलं प्लास्टिक शेवटी थंड होतं, आत ओढतं आणि दर्शनी बाजूला खड्डा दिसतो. ड्राफ्ट, म्हणजे नग डायमधून सुटावा म्हणून भिंतीला दिलेला उतार, किमान 1 अंश, टेक्स्चर असेल तर जास्त. केबलची भोकं पार्टिंग लाइनवर (डायचे दोन भाग जुळतात तिथे) घेता आली तर साइड कोअरचा, म्हणजे डायच्या बाजूने सरकणाऱ्या भागाचा, खर्च वाचतो. आणि मटेरियल आग न पकडणाऱ्या ग्रेडचंच. साधं एबीएस चांगलं जळतं.

लॅमिंग्टन_रोड:
थांबा जरा. डाय चार लाखांची धरली तर तीन वर्षांच्या 10,800 नगांवर नगामागे 37 रुपये नुसते डायचेच. आधी बाजारातल्या तयार एबीएस बॉक्समध्ये पीसीबी बसते का बघा. बसली तर डिझायनरकडून फक्त समोरचं पॅनल आणि आतली मांडणी करून घ्या.

वसईचा_गाळा:
पाहिलं. ट्रान्सफॉर्मर झाकणाला लागतो.

रिब_आणि_बॉस:
मग पीसीबीवाल्याला आणि डिझायनरला एकत्र बसवा. ट्रान्सफॉर्मरऐवजी एसएमपीएस (आकाराने छोटा पॉवर सप्लाय) घेतला तर कदाचित तयार बॉक्सच चालेल. नाहीच जमलं तर डाय कापण्याआधी सिलिकॉन मोल्डमधून 15-20 नग ओतून घ्या आणि पावसाळाभर खऱ्या पंपरूममध्ये लावा. पीएलए प्लास्टिकचा 3डी प्रिंट फक्त मापं बघायला. उन्हातल्या गच्चीवर तो वाकतो.

फी टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता डायची पहिली ट्रायल पास झाल्यावर. हातात 3डी मॉडेलची स्टेप फाइल घ्या, रेंडरवर, म्हणजे नुसत्या चित्रावर, डाय कापता येत नाही. आकाराचं रजिस्ट्रेशन करायचं असेल तर अर्ज आधी, व्हॉट्सॲपवर फोटो नंतर. मुदत 10 वर्षं, पुढे 5 वाढवून मिळतात.