माकडांची पाळी: स्राव दिसला म्हणजे अंडोत्सर्ग झाला असं धरायचं का?

सुरवंट (प्रश्न)
बंदिस्त बॉनेट माकडिणींच्या पाळीची नोंद ठेवायची आहे. सध्याचा बेत असा: रोज सकाळी सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने योनीतून नमुना घ्यायचा, रक्त दिसलं की तो पहिला दिवस, तिथून १४ दिवस मोजून अंडोत्सर्ग (अंडाशयातून बीज बाहेर पडणं) धरायचा. तीन गोष्टी अडल्यात. हे १४ दिवस कितपत भरवशाचे? उन्हाळ्यात काही माद्यांना स्राव दिसतो, पण प्रोजेस्टेरॉन (अंडोत्सर्गानंतर वाढणारं संप्रेरक) तळालाच, ते का? आणि माणसांच्या किटवर इस्ट्राडायॉल (मुख्य इस्ट्रोजेन) व्यवस्थित येतं, एलएच (अंडोत्सर्ग घडवणारं संप्रेरक) मात्र शून्य. किट गेलंय की नमुना?

टोपीवाला
शेवटच्यापासून सुरू करतो. बहुधा दोन्ही ठीक आहेत. इस्ट्राडायॉल आणि प्रोजेस्टेरॉन ही स्टेरॉइडं, त्यांचा रेणू बाईत आणि माकडिणीत एकच. एलएच हे प्रथिन. जातीगणिक त्याची घडण थोडी बदलते, आणि माणसांच्या बऱ्याच किटांतल्या प्रतिपिंडांना मकाकचं (बॉनेट, ऱ्हीसस ही माकडं याच गटातली) एलएच ओळखताच येत नाही. जुन्या प्रयोगशाळा म्हणूनच उंदराच्या वृषणातल्या लायडिग पेशी वापरायच्या: पेशींवर सीरम घालायचं आणि त्या किती टेस्टोस्टेरॉन सोडतात ते मोजायचं. आता मकाकच्या एलएचसाठी तयार केलेले अभिकर्मक आहेत, ते मागवा. औषधाच्या दुकानातल्या लघवीच्या पट्ट्यांवर पैसे घालवू नका.

स्टेरॉइडचं किट चालतं म्हणून त्यावरही डोळे मिटून विसंबू नका. सीरम दुप्पट, चौपट पातळ करून बघा. आकडा त्याच प्रमाणात उतरला नाही तर सीरममधलं दुसरं काहीतरी मोजणीत लुडबूड करतंय. अशा वेळी ईथरने स्टेरॉइड वेगळं काढून मग मोजायचं. एककंही तपासा: प्रोजेस्टेरॉनचे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर गुणिले ३.१८ म्हणजे नॅनोमोल प्रति लिटर, इस्ट्राडायॉलचे पिकोग्रॅम गुणिले ३.६७ म्हणजे पिकोमोल. दोन शोधनिबंधांतले आकडे जुळत नाहीत अशी तक्रार येते तेव्हा निम्म्या वेळा घोळ इथेच असतो.

गोदाकाठ
स्राव आणि अंडोत्सर्ग या दोन वेगळ्या घटना आहेत. अस्तर गळायला संप्रेरकाचा आधार सुटणं पुरेसं असतं. फॉलिकल (बीज असलेली अंडाशयातली पिशवी) वाढलं, इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर जाड झालं, मग फॉलिकल न फुटताच सुकलं, तरी रक्त येतं. जॉर्ज कॉर्नरने ऱ्हीसस माकडांत अंडोत्सर्गाविना होणारा स्राव १९२३ मध्येच नोंदवला होता. पुढे १९४० मध्ये मार्कीने अस्तराचे बारीक तुकडे माकडिणीच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रुजवले आणि पारदर्शक बुबुळातून सगळं प्रत्यक्ष पाहिलं: संप्रेरक उतरतं, अस्तर आक्रसतं, नागमोडी धमन्या आवळतात, आणि मग रक्त फुटतं.

उन्हाळ्याचं उत्तर त्यातच आहे. बॉनेट आणि ऱ्हीसस दोघांनाही वर्षातला काही काळ मंदावण्याचा असतो. बॉनेटमध्ये तो साधारण एप्रिल ते जून. त्या दिवसांत थोडंसं इस्ट्रोजेनही मेंदूला जास्त दाबून धरतं, एलएचची उसळी येत नाही, कॉर्पस ल्युटियम (फुटलेल्या फॉलिकलपासून बनणारी, प्रोजेस्टेरॉन सोडणारी ग्रंथी) बनत नाही, मग प्रोजेस्टेरॉन येणार कुठून? या महिन्यांतली आवर्तनं सरासरीत मिसळू नका.

चक्राचं घड्याळ कुठे आहे हे कळलं की १४ दिवसांचा प्रश्नही सुटतो. पिट्सबर्गमध्ये क्नोबिल यांच्या गटाने ऱ्हीसस माद्यांच्या हायपोथॅलॅमसचा (मेंदूतल्या संप्रेरक-नियंत्रक भागाचा) आर्क्युएट भाग नष्ट केला. एलएच आणि एफएसएच (फॉलिकल वाढवणारं संप्रेरक) दोन्ही बसले. मग बाहेरून जीएनआरएच (या दोघांना सोडायला लावणारं मेंदूचं संप्रेरक) दिलं: मिनिटाला १ मायक्रोग्रॅम, सलग ६ मिनिटं, तासातून एकदा. दोन्ही परत आले. तेच सतत चालू ठेवलं तर पुन्हा बसले. तासाऐवजी तीन तासांनी एक ठोका दिला तर एलएच उतरलं आणि एफएसएच चढलं. गंमत पुढे आहे. ठोका तासाला एक, असा अगदी एकसुरी ठेवला तरी पूर्ण चक्र चालतं, अंडोत्सर्गासकट. म्हणजे मेंदू फक्त ठोके देतो, दिवस अंडाशय मोजतं. इस्ट्राडायॉल २०० पिकोग्रॅमच्या वर जाऊन सुमारे ३६ तास टिकलं की एलएच उसळतं, आणि उसळी सुरू झाल्यावर साधारण दीड दिवसाने बीज बाहेर पडतं. फॉलिकल त्या पातळीला कधी पोचेल ते प्रत्येक मादीचं, प्रत्येक खेपेचं वेगळं. चक्र सरासरी २८ दिवसांचं असलं तरी हलतो तो पहिला अर्धा. उत्तरार्ध त्या मानाने स्थिर.

पिंजरा_चार
वेळापत्रक असं ठेवा. आठव्या दिवसापासून रोज रक्त, इस्ट्राडायॉलचं टोक येऊन उतरेपर्यंत. पुढच्या स्रावापर्यंत मग दिवसाआड. प्रोजेस्टेरॉन एकदाच १ च्या वर गेलं म्हणून अंडोत्सर्ग लिहू नका; लागोपाठच्या नमुन्यांत २ नॅनोग्रॅमच्या वर राहिलं तर लिहा. बाईसारखे १०-१५ चे आकडे येतील अशी वाट बघू नका, मकाकमध्ये टोक बरंच खाली असतं. उत्तरार्धात इस्ट्राडायॉलचा दुसरा ठळक उंचवटाही दिसत नाही. तो न दिसणं म्हणजे बिघाड नव्हे.

रक्ताचा हिशेब आधी करा. मादी ४ किलोची, किलोमागे सुमारे ६० मिलिलिटर रक्त, म्हणजे एकूण २४०. रोज घ्यायचं तर १ टक्क्याच्या आत, म्हणजे २ मिलिलिटर बास. त्यातून १ मिलिलिटरच्या आसपास सीरम सुटतं, दोन्ही स्टेरॉइडांना पुरतं. रोज केटामीन (भुलीचं औषध) देण्यापेक्षा पिंजऱ्यातून पाय पुढे करायला शिकवलेलं कधीही चांगलं. नैतिकता समितीही तेच विचारेल. पिंजरा किंवा शेजारीण बदलली तर ते चक्र मोजणीत धरू नका. ताणाने जीएनआरएचचे ठोके विरळ होतात आणि सगळं पुढे ढकललं जातं.

नर सोबत असेल तर आणखी एक फसगत. ऱ्हीससमध्ये गर्भ रुजल्यावर, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या आसपास, थोडं रक्त दिसू शकतं. काडीवर ते पाळीसारखंच दिसतं. त्या दिवशीचं प्रोजेस्टेरॉन बघा: पाळीत ते तळाला गेलेलं असतं, गर्भ असेल तर वर असतं.

सुरवंट
उत्तम, १४ दिवसांचा नियम काढून टाकतो. रक्त टाळून लघवी किंवा विष्ठेवर भागेल का? पुढे रानातल्या वानरांवरही (लंगूर) काम करायचं आहे.

टोपीवाला
मकाकच्या लघवीत माणसांसारखा प्रेग्नेनडायॉलवर (प्रोजेस्टेरॉन शरीरात मोडून बनणारा पदार्थ) भर देऊ नका. त्यांचं प्रोजेस्टेरॉन बरंचसं अँड्रोस्टेरॉनच्या रूपात बाहेर पडतं, त्यामुळे माणसांची चाचणी कमी आकडा दाखवते. विष्ठा चालते. मादी ओळखून ताजी उचला, लघवी लागलेला भाग टाका, लगेच गोठवा. रक्तातला बदल तिथे दिसायला एक-दोन दिवस उशीर लागतो, तेवढे मागे मोजा. वानरांच्या माद्यांना बबूनसारखी सूज येत नाही, तेव्हा नुसतं बघून तारीख ठरणार नाही. बॉनेटची पद्धत वानरांवर जशीच्या तशी लावू नका. कोणतं चयापचयज (संप्रेरक मोडून बनलेला पदार्थ) मोजायचं ते बंदिस्त वानरांच्या रक्ताशी ताडून आधी ठरवा.