फॉर्मवर ‘उत्तम’ लिहिलं म्हणजे ट्रेनिंग जमलं?

ट्रेनिंगनंतरच्या फॉर्मवर ऐंशी टक्के लोकांनी ‘उत्तम’ लिहिलं, म्हणजे ते यशस्वी झालं, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकानं १९५९ मध्येच ट्रेनिंग जमलं का हे तपासायच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, शिकला का, कामात उतरलं का, आणि कारखान्याला फायदा झाला का. आपला फॉर्म पहिल्या पायरीवरच बसकण मारतो. (त्यातून चहासोबत बेळगावचा गोड कुंदा असला की शेरा ‘उत्तम’च येणार!)

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत (वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून कास्टिंग बनवायचा कारखाना) मी सुपरवायझर होतो. खानापूरकडचा एक पोरगा दोन दिवस इंग्रजी स्लाइड बघून आला. मान डोलवत होता, कळलं काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मोल्डिंगवाल्या (साचे बनवणाऱ्या) काकांनी त्याच्या हातात वाळू दिली. “मूठ आवळ. आता मोड बघू. कड स्वच्छ तुटली तर ओल बरोबर. हाताला चिकटली तर पाणी जास्त, कास्टिंगला भोकं पडणार.” अर्धं मराठी, अर्धं कन्नड. पाच मिनिटांत काम झालं. काकांच्या पगारात या शिकवणीचा एक रुपया नव्हता, हे मात्र खटकतं.

असं कामावरच शिकण्यासाठी अप्रेंटिसशिपचा (शिकाऊ उमेदवारीचा) कायदाही आहे, १९६१ चा. तीस किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. आमच्याकडेही घेतले होते, पण निम्मा वेळ ट्रॉली ढकलायला. त्यांना फॉर्म कुणीच दिला नाही.