मूठ, साखळी आणि कार्नेशन

'हुकूमशाही संपल्याची पोस्टरं म्हणजे वळलेली मूठ आणि तुटलेली साखळी, बाकी काय?' असं एकाने म्हटलंय. बऱ्याच अंशी पटलं, पण पोर्तुगाल त्याला अपवाद आहे. २५ एप्रिल १९७४ ला तिथली ४८ वर्षांची राजवट एका दिवसात कोसळली. त्यानंतरचं सेर्जिओ गिमारांइशचं पोस्टर पाहा. कुरळ्या केसांचं एक एवढंसं पोर हात उंचावून बंदुकीच्या नळीत लाल कार्नेशनचं फूल खोचतंय. ना मूठ, ना साखळी. मला मात्र ते जरा जास्तच गोड वाटतं, कॅलेंडरवर शोभेल असं!

त्यापेक्षा चित्रकार मारिया एलेना व्हिएरा दा सिल्वाचं पोस्टर सरस. दोन्हीकडे घरं, मधल्या रस्त्यावर माणसंच माणसं, चेहरा एकाचाही धड दिसत नाही. त्यावर कवयित्री सोफिया द मेलो ब्रेनर यांचे शब्द: कविता रस्त्यावर आली आहे. नेत्याचं चित्र नाही की पक्षाचं चिन्ह नाही. आपल्या चौकातल्या फ्लेक्सची सवय झालेल्या डोळ्यांना तर हे अजबच.

जुआंव आबेल मांताचं व्यंगचित्र मात्र तिरकस. फळ्यावर पोर्तुगालचा नकाशा, त्यापुढे मार्क्स, लेनिन वगैरे मंडळी कोड्यात पडलेली.

आणि हो, हे सगळं आपल्याला फार लांबचं नाही. गोवा १९६१ लाच मुक्त झाला, पण लिस्बनने ते कागदावर मान्य केलं ते या क्रांतीनंतरच, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात.