लांब पल्ल्याचा बिझनेस क्लास : पलंग मिळतो, विचारपूस मिळत नाही

वरूडचा बागायतदार
राजेहो, अमेरिकेत पोरं असलेली घरं आता आपल्या वरूड-मोर्शी पट्ट्यातही गावोगाव आहेत. सुनेचं बाळंतपण, नातवाचं जावळ, काही ना काही निमित्तानं आईबाप जातातच. हल्ली पोरं हट्टानं बिझनेस क्लासचं तिकीट काढतात. माझ्या धाकट्या भावानंही तेच केलं. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, म्हणून घरात कोणीच नाही म्हटलं नाही.

खुर्चीचा पलंग होतो हे आईला भावानं फोनवर सांगितलं होतं. पण खुर्चीच्या हाताजवळच्या पट्टीवर नुसती चित्रं. कोणत्या बटणानं पाठ, कोणत्यानं पाय, काही कळेना. तिनं एक दाबलं, पाय एकदम वर आले, ती घाबरली आणि पुन्हा त्या पट्टीला हात लावला नाही. गादीची गुंडाळी समोरच्या कप्प्यात बांधलेलीच राहिली. बाबा पलीकडच्या खुर्चीत, मधे आडोसा. सगळे झोपलेले असताना हाक कशी मारायची? जेवणाची ताटं उचलली, दिवे मालवले, आणि सकाळच्या नाश्त्यापर्यंत तिच्याकडं कोणी फिरकलं नाही. पलंगाचे पैसे भरून माझ्या आईनं रात्र बसून काढली.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. ब्रिटिश एअरवेजनं २००० साली बिझनेस क्लासमधे पूर्ण आडवी होणारी खुर्ची आणली. २०१७ साली कतार एअरवेजनं दार लागणारी क्यूस्वीट काढली. एअर इंडियाच्या ए३५० या मोठ्या विमानातही आता बिझनेसमधे दारवाल्या २८ जागा आहेत. सगळा पैसा आणि सगळी अक्कल खुर्चीत गेली. आपल्याकडं पंगतीत वाढणारा पानाकडं पाहून वाढतो, पाहुण्याला मागावं लागलं तर यजमानालाच ओशाळं होतं. तिथं उलट आहे. घंटी वाजवा, सगळं मिळेल. नाही वाजवली तर तुम्ही आरामात आहात असं धरून चालतात. माझी आई घंटी वाजवणार नाही. कोणाला असं बोलावून घेणं तिला उद्धटपणाचं वाटतं.

माझं मत असं की सेवा न मागता दाराशी येत नसेल, तर आपल्या आईबापांसाठी हे तिपटी-चौपटीचं तिकीट काढू नये.

दर्यापूरची लेक, न्यू जर्सी
दादा, तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं. पण निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. पंधरा तासांच्या प्रवासात पलंग हीच सेवा आहे, बाकी सगळं वरचं आहे. माझ्या आईला मणक्याचा त्रास. इकॉनॉमीत पुढच्या-मागच्या रांगेतलं अंतर ३१-३२ इंच, त्यात ती दर वेळी उतरायची तेव्हा आठवडाभर अंथरुणातच असायची. बिझनेसनं आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात उभी होती, भाजीला फोडणी देत. त्या एका गोष्टीसाठी मी पुन्हा तेवढे पैसे भरीन.

खुर्ची कशी आडवी करायची याचा व्हिडिओ मी तिला आधीच पाठवला होता. माझ्या मावसभावानं तो तिच्याकडून चार-पाच वेळा बघून घेतला. परक्या देशाच्या कंपनीतल्या मुलीनं आपल्या आईचं मन ओळखावं ही अपेक्षा जास्त आहे. ते काम आपलं.

कळंबचा कास्तकार
भाऊ, राग नका मानू, पन मले हा खर्चच पटत नाई. तुमी दोघंबी पलंगावरून भांडून रायले. दोघाईच्या तिकिटाचा फरक काढा ना. तेवढ्या पैशात वावरात ठिबक होते, विहिरीचा गाळ निंगते. माहा पोरगा टोरांटोले आहे. आमी नवरा-बायको साध्या क्लासनं गेलो. पाय सुजले, उतरले बी.

आन् बुढ्या मानसाले पलंगापेक्षा सोबत लागते. त्या फरकाच्या पैशात पोरगा सोता येऊन आईबापाले घिऊन जाऊ शकते. बाजूले पोरगा बसला असन तर घंटी काहून वाजवा लागन? तोच उठवन, तोच पानी आनून देईन. हे कोनतीच कंपनी देत नाई.

दर्यापूरची लेक, न्यू जर्सी
काका, सोबतीचं म्हणणं खरं आहे. पण इथं नोकरीतून सुट्टी मिळणं आणि व्हिसाच्या शिक्क्यासाठी भारतात अडकून पडण्याची भीती, यामुळं कितीतरी पोरांना मनात असूनही येता येत नाही. येता आलं असतं तर हा प्रश्नच नव्हता.

दारव्ह्याचा डॉक्टर
माझ्याकडं जायच्या आधी तपासणीला येणारे आईबाप बरेच असतात, म्हणून लिहितो. बिझनेस क्लासमधे पायाच्या शिरेत गाठ होत नाही अशी एक समजूत पसरली आहे. ती चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केल्यावर अशा गाठीचा धोका साधारण दुप्पट होतो. एकूण प्रमाण मात्र कमी, जवळपास सहा हजारांत एक. कारण आहे हालचाल बंद होणं. पलंगावर दहा तास निपचित पडून राहिलेल्या माणसालाही तो धोका आहेच. घोटे फिरवणं, मधून मधून उठून चालणं, पाणी पिणं, आधी गाठ झालेली असेल तर डॉक्टरांना विचारून दाबाचे मोजे, हे वर्ग कोणताही असो, करायचंच.

दुसरं म्हणजे वर्गाआधी विमान बघा. जुन्या बनावटीच्या विमानांत केबिनमधला दाब आठ हजार फूट उंचीवर असतो तसा होऊ शकतो. ७८७ आणि ए३५० या नव्या बनावटीच्या विमानांत तो सहा हजार फुटांच्या आसपास राखतात. म्हणजे तरीही तुम्ही चिखलदऱ्यापेक्षा वरच बसलेले असता, पण दमेकऱ्याला आणि हृदयरोग्याला दोन हजार फुटांचा फरक जाणवू शकतो. आणि हा फायदा इकॉनॉमीतल्या माणसालाही तेवढाच मिळतो.

गुडघे, मणका, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर पलंगाला माझा पूर्ण पाठिंबा. धडधाकट माणसाला वाटेकडेची खुर्ची आणि मधे एक मुक्काम पुरेसा आहे.

वरूडचा बागायतदार
डॉक्टरसाहेब, हे फार कामाचं सांगितलं. माझ्या आईनं उठून चालणंही केलं नाही, कारण उठायचं कसं हेच कळत नव्हतं. पट्टा सुटला, पण पाय वर आलेले, खाली कसे घ्यायचे? दोन मिनिटं कोणी थांबून दाखवलं असतं तर पलंगही झाला असता आणि चालणंही. मी त्या दोन मिनिटांबद्दलच बोलतोय.

हिंगणघाटची, विमानात काम करणारी
कंपनी सांगणार नाही, पण लांब पल्ल्याच्या विमानात बिझनेसची केबिन मी सांभाळते. दादांच्या आईबद्दल जे घडलं ते घडायला नको होतं. तरी आमची बाजू ऐका.

हा वर्ग मुळात कंपनीच्या खर्चानं फिरणाऱ्या माणसासाठी बांधला गेला. त्याला झोपायचं असतं, उतरल्यावर मीटिंग असते. त्याला मधे कोणी विचारलेलं नको असतं. दारं त्यासाठीच आली. दार लोटलेलं असेल आणि मी आत डोकावले, तर तक्रार होते. अशा तक्रारी मी स्वतः ऐकल्या आहेत. जेवण आटोपलं की आमच्यातले निम्मे जण पाळीनं वरच्या बंकमधे, म्हणजे आमच्या झोपायच्या कप्प्यांत, विश्रांतीला जातात. ती विश्रांती ठरवून दिलेली असते, कारण आणीबाणीत विमान रिकामं करणं हे आमचं पहिलं काम आणि त्याला ताजं माणूस लागतं. उरलेले जण अंधारात फेऱ्या मारतात. डोळे मिटून बसलेली आजी झोपली आहे की अडली आहे, हे अंधारात खरंच कळत नाही.

पण चढताना सांगितलं तर फार फरक पडतो. मोडक्या हिंदीत, खुणेनं, चिठ्ठी दाखवून, कसंही. ‘पहिल्यांदा चाललो, खुर्ची येत नाही.’ एवढं कानावर आलं की निदान मी तरी झोपेच्या वेळेला स्वतः जाऊन गादी घालते. गाऊन, चप्पल, पांघरूण सगळं उघडून देते. वैदर्भी बोली कानावर आली की मी चहाही दोनदा विचारते, ते वेगळं.

अमरावतीचा तिकीटवाला
चर्चा चांगली चालली आहे, पण तिकीट काढतानाच्या गोष्टी कोणीच बोललं नाही.

सर्वात जास्त गोंधळ जेवणाचा. ‘हिंदू मील’ शाकाहारी असतं असं समजून पोरं तेच निवडतात. त्यात कोंबडी, मटण, मासे येऊ शकतात, गोमांस तेवढं नसतं. माळकरी आईबापांसाठी ‘एशियन व्हेजिटेरियन’ नाहीतर ‘जैन’ नोंदवा, निघण्याच्या किमान एक दिवस आधी, आणि प्रवासाच्या प्रत्येक टप्प्याला नोंद लागली का ते वेगळं तपासा. चव फिकी लागणारच, वर हवा कोरडी असते आणि जिभेला मीठ-गोड कमी कळतं. सोबत लोणचं नाही, कोरडी शेंगदाण्याची चटणी द्या.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. नागपूरहून दोह्याला जाणारं विमान छोटं, मधोमध एकच वाट असलेलं. त्याच्या बिझनेस क्लासला पुढच्या मोठ्या विमानासारखा समजू नका. पैसे लांबच्या टप्प्यावरच टाकावे.

तिसरी खुर्च्यांची मांडणी. १-२-१ म्हणजे दोन्ही खिडक्यांकडं एकेक आणि मधे दोन खुर्च्या असतील तर प्रत्येकाला थेट वाट मिळते, रात्री लघवीला जाताना शेजाऱ्याच्या पायावरून जावं लागत नाही. एअर इंडियाच्या जुन्या ७८७-८ मधे १८ खुर्च्या २-२-२ अशा होत्या. एकट्या माणसाला त्या गैरसोयीच्या, पण नवरा-बायको खिडकीकडच्या जोडीत अगदी खेटून बसायचे. १-२-१ मधे आईबाबांना मधल्या दोन खुर्च्याच घ्या. वरूडच्या दादांच्या आईबाबांना बहुतेक कडेच्या वेगवेगळ्या जागा दिल्या होत्या.

चौथं पैशाचं. २२ सप्टेंबर २०२५पासून बिझनेसच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, इकॉनॉमीचा ५ टक्केच आहे. आणि कंपनीनं ऐनवेळी खालच्या वर्गात बसवलं तर गप्प बसू नका. १५ फेब्रुवारी २०२३पासून डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे : आंतरराष्ट्रीय प्रवासात १५०० किलोमीटरपर्यंत करांसकट तिकिटाच्या ३० टक्के, ३५०० पर्यंत ५० टक्के आणि त्यापुढं ७५ टक्के रक्कम परत मिळते. खुर्ची बिघडून पलंग झालाच नाही, तर ते या टक्केवारीत बसत नाही. तेव्हा विमानातच मुख्य कर्मचाऱ्याला दाखवा आणि फोटो काढून ठेवा.

आर्वीचा मास्तर
साध्या आणि बिझनेसच्या मधला वर्ग, प्रीमियम इकॉनॉमी, त्याचं कोणी नावच घेतलं नाही. रांगेतलं अंतर ३८ इंचांच्या आसपास, पाय टेकायला जागा, समजायला सोपी खुर्ची. आडवं होता येत नाही, पण घाबरायला होईल असं त्यात काही नाही. आणि व्हीलचेअर तर कोणत्याही वर्गाला मिळते. लोक तेवढ्यासाठीही बिझनेस घेतात.

वरूडचा बागायतदार
मास्तर, गुडघे वाकत नसतील तर ३८ इंचही अपुरेच पडतात. डॉक्टरसाहेबांनी तेच लिहिलं आहे.

हिंगणघाटच्या ताई, तुम्ही तुमच्या बाजूनं जे लिहिलं त्यानं माझं म्हणणं उलट पक्कंच झालं. कंपनीला कळतं की हा वर्ग एकटं सोडलेलं आवडणाऱ्या माणसासाठी आहे. आणि त्याच कंपनीला हेही दिसतं की उतारवयातले आईबाप त्यात बसू लागले आहेत, वय पासपोर्टवर आहे, व्हीलचेअर मागितलेली आहे. मग चढताना आईनंच सांगावं, चिठ्ठी दाखवावी, व्हिडिओ पाठ करावा, असं का? गिऱ्हाईक बदललं तर वाढणाऱ्यानं बदलायला नको का? तुमच्यासारखी एखादी भेटली तर नशीब. मला नशिबाचं तिकीट नको आहे.

दर्यापूरच्या ताई म्हणतात ते काम आपलं. आपण करूच. पण ज्याच्या घरी व्हिडिओ दाखवणारा मावसभाऊ नाही, त्याच्या आईचं काय?

तिकीटवाले भाऊ, बुकिंगमधे अशी नोंद टाकता येते का?

अमरावतीचा तिकीटवाला
व्हीलचेअर, जेवण, ‘मीट अँड असिस्ट’ अशा विनंत्या टाकता येतात. पण ती मदत मुख्यतः विमानतळावरची. खुर्ची लावून द्या अशी नोंद मी तरी आजवर पाहिली नाही.

हिंगणघाटची, विमानात काम करणारी
आमच्या हातातल्या यादीत खुर्चीच्या आकड्यापुढं व्हीलचेअरची, जेवणाची खूण दिसते. ‘पहिला प्रवास, पलंग घालून द्यावा’ अशी खूण असती तर मी डोळे झाकून पाळली असती. त्याला वेळही लागत नाही.

वरूडचा बागायतदार
मग मागणी हीच. तिकीट काढताना एक चौकट ठेवा, ती यादीत उतरू द्या, आणि जेवणानंतर दिवे मालवायच्या आधी त्या खुर्च्यांपाशी माणूस जाऊ द्या. लाखांत पैसे घेणाऱ्यांना हे जड नाही. तोवर आईच्या पुढच्या वेळेला मी बिझनेस घेणार नाही, भावाला सांगितलं आहे. मधे मुक्काम करू.

दर्यापूरची लेक, न्यू जर्सी
चौकटीच्या मागणीला माझी सही आहे. पण ती येईपर्यंत आईंना बसवून आणणं मला पटत नाही, दादा. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली आहेत. मधल्या जोडीच्या खुर्च्या घ्या, बाबांना बटणं शिकवा.

कळंबचा कास्तकार
मी अजून तेच म्हंतो. पोराले बोलवा.