‘ब्रह्म सत्यं जगन्मिथ्या’ या अद्वैत परंपरेतल्या श्लोकातल्या ‘जगन्मिथ्या’चं मराठी ‘जग खोटं’ असं करावं का?

पोथीवाचक:
करू नये. अद्वैत वेदान्तात अवास्तव गोष्टी एकाच जातीच्या नाहीत. सशाचं शिंग, वांझेचा मुलगा हे ‘तुच्छ’, म्हणजे मुळातच नसलेलं. ते कधी कुणाला दिसतच नाही. दोरीवरचा साप मात्र मिथ्या. अंधूक उजेडात तो दिसतो, घाम फोडतो. दिवा आणला की जातो, आणि तो आधीही नव्हता हे तेव्हा कळतं. दिसला म्हणून असत् नाही, बाध झाला, म्हणजे खरं कळल्यावर रद्द ठरला, म्हणून सत् नाही. ‘खोटं’ म्हटलं की हा सगळा भेद पुसला जातो, याचं फार वाईट वाटतं. व्युत्पत्तीही पाहा: मिथुन, मिथः, मिथ्या हे सगळे ‘मिथ्’ धातूचे. जुन्या ‘मिथुया’चा अर्थ उलटसुलट. एकाच्या जागी दुसरं.

बोलीपक्ष:
व्युत्पत्तीवरून अर्थ ठरत नाही. संस्कृतातच मिथ्यावादी म्हणजे खोटं बोलणारा. शंकराचार्यांचे शिष्य पद्मपादाचार्य यांनी पंचपादिका या ग्रंथात ‘मिथ्या’ शब्दाचे दोन अर्थ दिलेत: अपह्नव, म्हणजे सरळ नकार, आणि अनिर्वचनीयता, म्हणजे सत् किंवा असत् असं काहीच सांगता न येणं. दुसरा अर्थ शास्त्राची परिभाषा आहे. ‘मिथ्या आरोप’ वाचणाऱ्याला दोरी-साप आठवत नाही.

काढाचूर्ण:
आयुर्वेदात ‘खोटं’ बसतच नाही. चरकसंहितेत इंद्रियांचे अयोग, अतियोग, मिथ्यायोग सांगितलेत. डोळ्यांचं घ्या: अजिबात न पाहणं अयोग, फार तेजस्वी वस्तू अति पाहणं अतियोग, फार जवळून, फार लांबून किंवा भयंकर काही पाहणं मिथ्यायोग. पाहणं घडतंच, रीत चुकते. मिथ्याहार म्हणजे खोटा आहार नव्हे, अयोग्य आहार.

पोथीवाचक:
नेमकं हेच. गीतेतला (३.६) मिथ्याचारीही कर्मेंद्रियं खरोखर आवरतो; मनात विषय घोळवतो म्हणून तो संयम चुकीचा.

बोलीपक्ष:
पण याने तुमची बाजू लंगडी होते. मिथ्याहाराचा बाध कुठे होतो? खाल्लेलं पोटात जातंच, अजीर्णही होतं. म्हणजे ‘चुकीचं’ हा मूळ अर्थ, ‘खोटं’ त्यातून निघालेला, आणि ‘दिसतं पण टिकत नाही’ ही अद्वैत्यांची भर. एवढं मानलंत तर श्लोकात ‘मिथ्या’ तसाच ठेवून खाली दोरी-सापाची टीप द्यायला माझी हरकत नाही.

पोथीवाचक:
भर मान्य. पण श्लोक त्याच परंपरेतला, म्हणून तिथे तिचाच अर्थ चालणार.

काढाचूर्ण:
टिपेत आणखी एक ओळ घाला: ‘मिथक’ हा शब्द ‘मिथ्या’तून आलेला नाही. तो इंग्रजी ‘मिथ’वरून घडवला, मूळ ग्रीक. त्यासाठी ‘मिथ्यकथा’ लिहिलं की पुराणकथा खोटी असते असं आधीच ठरवून टाकल्यासारखं होतं.