आईनंतर दादा कुठं राहणार?

वडगावची_धाकटी:
आम्ही बेळगावच्या वडगावचे. दादा ३४ चा आहे, बौद्धिक दिव्यांग, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे. पाव्हण्यांचे साड्या विणायचे माग आहेत, तिथं घड्या घालायला जातो, स्वतःचं आवरतो, चहा करतो, दळण आणतो, पण पैशाचं काहीच कळत नाही, शंभरची नोट काय नि पाचशेची काय त्याला सारखीच. आई ६९ ची, गुडघे गेलेत. मी लग्न होऊन कोल्हापुरात. मामा म्हणतात आश्रमात ठेवा. दादाला विचारलं तर "मी हितंच राहणार की". माडीवर एक खोली आहे, तिथं राहील काय तो एकटा?

खानापूरवाला:
आधी कागद कर ताई. १८ नंतर आई कायद्यानं आपोआप पालक राहत नाही, आम्हाला हे बँकेच्या काउंटरवर कळलं. बौद्धिक दिव्यांग वगैरेंसाठी नॅशनल ट्रस्ट कायदा आहे १९९९ चा, त्याखाली डीसींची (जिल्हाधिकाऱ्यांची) लोकल लेव्हल कमिटी असते, तिथं पालक नेमायचा अर्ज द्यायचा, बहीण पण देऊ शकते. नेमल्यावर सहा महिन्यात त्याच्या मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशोब द्यावा लागतो. कटकट आहे, पण उद्या भाऊबंदांनी विचारलं तर दाखवायला कागद असतो. माझं कन्नड बसचा बोर्ड वाचण्यापुरतं, म्हणून शेजारच्या मास्तरांना सोबत नेलं होतं. नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा पण काढ, १ लाखापर्यंत आहे.

निपाणीची_आई:
आम्ही मुलाला मागच्या खोलीत राहायला शिकवतोय दीड वर्ष झालं. आधी फक्त शनिवारची रात्र, मग दोन, आता आठवडाभर. गॅस बंद केला, इंडक्शन दिलं, तरी दूध तीनदा उतू गेलं, जाऊ दे. सात डब्यात रोजचे पन्नास पन्नास रुपये घालून ठेवते, वाराप्रमाणे, आणि किराणावाल्याकडं खातं, ते मी महिन्याला भागवते. हे सगळं जमलं पण रविवार जमेना. कामाला सुट्टी, मग हा दिवसभर स्टँडवर जाऊन बसायचा, एकदा कुणीतरी मोबाईल काढून घेतला. आता रविवारी देवळात चपला लावायचं काम लावून दिलंय. तुझा दादा रविवारी काय करतो ते आधी बघ. आणि आई आहे तोवरच सुरू कर गं, ती गेल्यावर एकदम खोली पण नवी नि दुःख पण नवं असं नको त्याला.

हिंडलगा_काका:
मामांना लगेच वाईट ठरवू नका. २०१९ च्या पुरात कोल्हापूरजवळ हायवे बंद होता की, तेव्हा ही बहीण कशी येणार होती? वडगावातलाच एक माणूस पाहिजे, पगार देऊन असला तरी चालेल. घरोंदा म्हणून नॅशनल ट्रस्टची ग्रुप होमची, म्हणजे अशा काही जणांनी एकत्र राहायच्या घराची योजना आहे, आपल्या जवळ कुठली संस्था घेतेय काय विचारा. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं त्याला अमुकच ठिकाणी राहा म्हणून सक्ती करता येत नाही, हे मामांना सांगा.

वडगावची_धाकटी:
पुराचं डोक्यातच नव्हतं काका. खाली भाड्यानं राहणाऱ्या मावशींशी बोलते. शनिवारपासून सुरू करूया म्हणून आईला फोन केला, तर दादानं ऐकलं आणि आत्ताच उशी घेऊन माडीवर गेलाय म्हणे, आज मंगळवार.