विषय: आई-बाबांना घेऊन डिस्नीलँडची रात्रीची परेड

नमस्कार मंडळी,

मी सध्या ठाण्यात आहे, पाचपाखाडीला घरी, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन परत कॅलिफोर्नियाला येतोय, दोघांचीही पहिलीच वारी. बाकी कुठे नेलं नाहीस तरी चालेल पण डिस्नीलँडची रात्रीची रोषणाई बघायचीच असं आईने आत्ताच बजावून ठेवलंय, मावशीने व्हिडिओ पाठवल्यापासून रोज तोच विषय. बाबा ७१ वर्षांचे, दमा आहे, आईचा उजवा गुडघा कामातून गेलाय. सकाळपासून रात्री अकरापर्यंत तिथे फिरणं दोघांना झेपणार नाही. मग फक्त संध्याकाळपुरतं नेलं तर पैसे वाया जातात का? आणि फटाक्यांच्या धुराचं काय? कोणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर जरा सविस्तर लिहा ना.

पाचपाखाडी

---

अरे, सविस्तरच लिहिते, कारण आम्हीच ती वयस्कर माणसं. २०२५ च्या जूनमध्ये लेकीकडे आयर्व्हाइनला होतो तेव्हा गेलो, डिस्नीलँडचं सत्तरावं वर्ष चालू होतं (१९५५ साली उघडलं ते), त्यामुळे पेंट द नाइट ही दिव्यांची परेड परत आणली होती. लेकीचा हट्ट होता सकाळी आठला गेटवर हजर व्हायचं, मी म्हटलं आम्ही चार वाजता येऊ, तू नवऱ्याला आणि पोरांना घेऊन आधी जा. तिकीट पूर्ण दिवसाचंच होतं आणि मला एका पैशाचाही पश्चात्ताप नाही. नातवंडं दिवसभर राइडच्या रांगेत उभी राहून परेडच्या वेळी अर्धी झोपली होती, आम्ही दोघं मात्र टक्क जागे. त्याचं कारण नीट समजून घे, तुला उपयोगी पडेल. तिथे रात्री नऊ वाजतात तेव्हा आपल्या ठाण्यात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेनऊ, आणि तिथे दुपारी तीन म्हणजे इथे पहाटेचे साडेतीन. नवीन गेलेल्या माणसाला दुपारी डोळे उघडे ठेवता येत नाहीत पण रात्री तो ताजातवाना असतो. म्हणून पोचल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ने, दुपारी झोपू दे, जेवून-खाऊन मग निघा.

जूनमध्ये तिथे सूर्य आठला मावळतो, त्याच्या आत रोषणाईचं काही सुरू होत नाही, त्यामुळे चारला पोचलात तरी एक बोटीची राइड होते आणि निवांत बसता येतं.

आता जागा. गुढीपाडव्याच्या यात्रेला आपण राममारुती रोडवर कशी सकाळीच कोपऱ्यावरची फुटपाथची कड धरतो, अगदी तसंच. लोक दीड-दीड तास आधी सतरंज्या टाकतात. लेकीने आम्हाला किल्ल्यासमोर कडेला खाली बसवलं, तिथून मला उठताना दोघांनी धरून उठवावं लागलं, ते आईच्या बाबतीत करू नकोस. परेड ज्या मेन स्ट्रीटवरून जाते तिच्या टोकाला, गेटजवळ, टाउन स्क्वेअर आहे, तिथे बाक आहेत, बाथरूम जवळ आणि बाहेर पडायलाही सोपं. व्हीलचेअर गेटवर भाड्याने मिळते, ती घेच, आईला आवडणार नाही तरी घे. व्हीलचेअरवाल्यांना बसायला वेगळी जागा राखून ठेवतात, तिथल्या माणसांना आधी विचारून ठेव, ती लवकर भरते. घरून घडीची खुर्ची नेऊ नको, आत सोडत नाहीत. खाणं मात्र नेता येतं, आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं नेलं होतं, काचेची बाटली तेवढी नको. आणि शाल! दिवसा कितीही ऊन असलं तरी रात्री नऊनंतर चांगलंच गार पडतं.

परेडचं काय सांगू. आधी लांबून ठेका ऐकू येतो आणि रस्त्यावरचे दिवे जातात, सगळे एकदम गप्प. मग नाचणारे येतात, त्यांच्या कपड्यांतच दिवे. आमचे हे खोपटच्या एसटी डेपोत अठ्ठावीस वर्षं मेकॅनिक होते. ‘कार्स’ सिनेमातला लाल मॅक ट्रक आला, त्याच्या सबंध बाजूवर दिव्यांची चित्रं पळतायत, आणि हे वाकून चाकांच्या आत बघतायत, मला म्हणाले अगं इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, ड्रायव्हर कुठे बसवलाय बघ. त्यांच्या चेहऱ्यावर निळा-लाल उजेड पडला होता. एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना असं तोंड उघडं टाकून बघताना मी पहिल्यांदा पाहिलं.

चरईची काकू

---

काकूंनी बरंच लिहिलंय, मी फक्त धुराचं सांगतो. (सात वर्षं तिकडे होतो, आता वाशीला.) डिस्नीलँडने २००४ पासून बरेच फटाके जमिनीवरून दारूने न उडवता दाबलेल्या हवेने वर फेकायला सुरुवात केली, त्यामुळे खालचा धूर आणि आवाज कमी झाला. पण वर फुटल्यावरचा धूर असतोच आणि वारा तुमच्याकडे असेल तर तो खाली येतो. बाबांचा पंप बॅगेत नको, शर्टाच्या खिशात. फटाके रोज नसतात, वरच्या थरात वारा जास्त असला तर ऐनवेळी रद्दही होतात, म्हणून सगळी आशा त्यावर ठेवू नका. मेन स्ट्रीटच्या इमारतींवर चित्रं पडतात ती तरीही दिसतात.

दुसरं, फँटास्मिक. नदीवरचा शो, १९९२ पासूनचा, पाण्याच्या तुषारांचा पडदा करून त्यावर सिनेमा दाखवतात, शेवटी मोठी बोट सगळ्या पात्रांना घेऊन येते. फार सुंदर. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यातल्या ड्रॅगनने शो चालू असताना पेट घेतला, वर्षभर बंद होता, २०२४ ला ड्रॅगनशिवाय परत आला. पण बसायला नदीकाठची जमीनच, आणि पुढे बसलात तर भिजाल. परेड आणि हा, दोन्ही एका संध्याकाळी आईच्या गुडघ्याला जमणार नाही. मी असतो तर परेडच धरली असती. ज्या दिवशी ती दोनदा असते त्या दिवशी दुसरीला गर्दी कमी असते, डिस्नीलँडच्या ॲपवर त्या तारखेला परेड आहे ना आणि किती वाजता ते बघून दिवस ठरव.

वाशी

---

काकू, काका, खूप आभार. चार वाजता, टाउन स्क्वेअर, व्हीलचेअर, शाल, पंप खिशात, फँटास्मिक नाही. आईला वाचून दाखवलं, व्हीलचेअरला नाही म्हणाली, मग तुमचं खाली बसल्याचं वाचलं तेव्हा गप्प झाली. बाबा विचारतायत की काकूंच्या यजमानांना ट्रकचा ड्रायव्हर शेवटी दिसला का.

पाचपाखाडी

---

नाही दिसला. पण ह्यांनी घरी आल्यावर वहीत चित्र काढून ठेवलंय, तो कुठे बसत असेल याचं. रविवारी संध्याकाळी बाबांना घेऊन ये, खोपटवरून चालत दहा मिनिटं.

काकू